मोहबांधची राखण

मोहबांधच्या तळ्यात त्या श्रावणात लाली दिसली नाही. ही गोष्ट सगळ्यांत आधी लक्षात आली ती फुलवंताच्या.

लाली म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मरळ ही इतर माशांसारखी अंडी टाकून हात झटकणारी नाही. नर-मादी मिळून पाणगवतात घरटं करतात, अंडी पाण्यावर तरंगत राहतात आणि नर त्यांच्याखाली पहारा देतो. पिल्लं फुटली की ती लालभडक असतात, हजारोंनी एकत्र फिरतात, आणि लांबून पाहणाऱ्याला पाण्यावर सांडलेलं कुंकू हलतंय असं वाटतं. मोहबांधचे ढिवर, म्हणजे तिथले मासेमार, त्याला लाली म्हणत. लाली दिसली की त्या बाजूला जाळं टाकायचं नाही, हा तिथला कायदा. तो कोणी लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा पाळला जात होता.

फुलवंता शिंगाड्याची वेल बघायला डोंगा घेऊन रोज तळ्यात जायची. तिनं नागपूरला भाचीला फोन लावला. पाऊसपाणी, गुडघेदुखी, शेजारणीच्या सुनेच्या कागाळ्या असं सगळं सांगून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "रेवता, यंदा लाली नाही पडली वं."

रेवतानं पाऊस उशिरा आलाय, पडेल लाली, असं सांगून आत्याची समजूत काढली. फोन ठेवल्याबरोबर तिनं दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. कारण मोहबांधच्या तळ्यात गेली चार वर्षं जे काही पोहत होतं, ते तिच्या हातचं होतं.

डॉ. रेवता वलथरे ही मोहबांधच्या ढिवरटोलीतली पहिली डॉक्टर, तीही माशांची. त्यावरून टोलीत तिची बरीच थट्टा व्हायची. मासा मेल्यावरच आमच्या हाती येतो, त्याला डॉक्टर कशाला, असं म्हातारे विचारायचे. नागपूरच्या 'जलवंश' नावाच्या कंपनीत ती नोकरीला होती आणि तिथंच तिनं नादपेटी तयार केली होती.

मरळीच्या प्रत्येक पेशीत चाळीस गुणसूत्रं असतात. वीस आईची, वीस बापाची. अंडं फलित होतं त्या घटकेला त्याच्यात आईचा आणखी एक जादा संच असतो, आणि अंडं तो बाहेर टाकून देतं. नादपेटीत नेमक्या त्याच वेळी अंड्यांवर माणसाला ऐकू न येणारा एक नाद सोडला जाई. त्या नादानं अंड्याची ती क्रिया थिजायची आणि जादा संच आतच राहायचा. चाळीसाची साठ व्हायची. पूर्वी हेच काम अंडी तापवून नाहीतर दाबाखाली ठेवून करत, त्यात निम्मी अंडी मरत आणि उरलेल्यांतली काही साधीच राहत. नादपेटीतून निघालेलं प्रत्येक पिल्लू तीन संचांचं असे. लोकांनी त्याला नाव दिलं तिपटी.

तिपटीला संतती होत नाही. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांना एकमेकांच्या जोड्या लावाव्या लागतात, आणि फुगडी दोघींचीच असते. तिसरी आली की कोणी कोणाचा हात धरायचा? सगळा गोंधळ होतो. मादीच्या पोटात गाभोळी धरतच नाही. अंडी आणि पिल्लं यांत खर्ची पडणारी ताकद मग अंगाला लागते. दीड हात लांबीची मरळ जाळ्यात येऊ लागली तेव्हा मोहबांधच्या लोकांना आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं झालं. हैदराबादचे व्यापारी बांधावर येऊन थांबू लागले.

तळ्यात सोडायला हे पिल्लांचं बीज देताना कंपनीची अट एकच होती: दर उन्हाळ्यात तळं उतरलं की सगळी तिपटी काढायची, पाण्यात एकही ठेवायची नाही. मोहबांधनं ती पाळली. फक्त राखण सोडून.

राखण ही मोहबांधची जुनी चाल. उन्हाळी जाळं ओढून झालं की प्रत्येक घर आपल्या वाट्याला आलेला सगळ्यांत मोठा नर बाजूला काढतं, त्याच्या कपाळाला हळद लावतं, शेपटीला आपल्या घराची खूण कातरतं आणि घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं त्याला पाण्यात परत सोडतं. तो त्या घराचा राखणदार, त्यालाही राखणच म्हणतात. त्याला पुन्हा कोणी धरायचं नाही, चुकून जाळ्यात आला तर हात जोडून सोडायचा. चाल मोठी शहाणपणाची होती. सगळ्यांत मोठा नर सगळ्यांत चांगलं घरटं राखतो, आणि त्याच्या जिवावर पुढच्या वर्षीची लाली पडते. पिढ्यान् पिढ्या मोहबांधला मासळी कमी पडली नाही ती त्यामुळंच.

पण आता सगळ्यांत मोठा नर म्हणजे तिपटीच असायचा. हे रेवताला ठाऊक होतं. वांझ जनावर पाण्यात राहिलं काय नि गेलं काय, असं तिनं स्वतःशी म्हटलं होतं आणि कंपनीत राखणेचा विषयही काढला नव्हता. मागच्या उन्हाळ्यात तर तिनं स्वतःच्या हातानं एकाला हळद लावली होती. तिची आई, सगुणा, त्या माघात गेली होती.

दुसऱ्या दिवशी रेवता मोहबांधला पोचली ती थेट बांधावरच गेली. आत्यानं डोंगा तयार ठेवला होता. दोघी पाणगवतात शिरल्या.

घरटी होती. नेहमीपेक्षा जास्तच होती, आणि मोठीही. पण मरळीचं जितं अंडं मधासारखं पिवळं असतं आणि ही अंडी पांढरी पडली होती. काहींवर बुरशीचा कापूस चढला होता. प्रत्येक घरट्याखाली एक धिप्पाड नर निश्चल उभा होता. आत्यानं वल्हं जवळ नेलं तसा एक जण त्या वल्ह्यावर धावून आला. मेलेल्या अंड्यांना कोणी हात लावू नये म्हणून.

"चार-पाच दिस झाले, हालत नाही हा," आत्या म्हणाली. "खात बी नाही."

रेवतानं एका ताज्या घरट्यातली अंडी कुपीत घेतली. बांधावर बसून तिनं हातात मावणारा गुणसूत्र-वाचक काढला आणि एकेक अंडं त्याच्याखाली धरत गेली. पडद्यावर आकडे उमटू लागले. सत्तेचाळीस. त्रेपन्न. एकोणपन्नास. पुन्हा त्रेपन्न. चाळीस कुठंच नव्हतं.

तिला कळून चुकलं. तिपटी नर अगदीच कोरडा नसतो. थोडंफार शुक्रद्रव्य त्याच्याकडं असतं, फक्त त्यातल्या पेशींत गुणसूत्रांची वाटणी कशीही झालेली असते. एकीत चोवीस, दुसरीत तेहेतीस. अंगानं दांडगा असल्यामुळं तो तळ्यातल्या मूळच्या, गावठी नरांना हुसकावतो, चांगली जागा बळकावतो आणि गावठी मादी त्याच्याकडं जाते. अंडी फलित होतात, वाढू लागतात आणि दिवसाच्या आत मरतात.

साठ गुणसूत्रांचा मासा धडधाकट जगतो आणि सत्तेचाळिसांचा का मरतो, हे रेवता नेहमी लग्नाच्या स्वयंपाकावरून समजावून सांगायची. पंगत वाढली म्हणून सगळंच सामान दीडपट घेतलं तर स्वयंपाक बिघडत नाही, नुसता वाढतो. पण बाकी सगळं तेवढंच ठेवून मीठ आणि हळद तेवढी दीडपट घातली, तर अन्न ताटात घेण्याजोगं राहत नाही. प्रत्येक गुणसूत्रावर शेकडो प्रथिनांच्या पाककृती असतात. सगळीच वाढली तर तोल राहतो; सात-आठच वाढली तर पेशीत नको ते प्रथिन साचतं, हवं ते कमी पडतं, आणि गर्भाचा डोळा कुठं नि काळीज कुठं हे ठरण्याआधीच सगळं थांबतं.

गावठी मरळीही आता थोड्याच उरल्या होत्या. चार वर्षं लहान मासा बाजारात गेला होता आणि मोठा हळद लावून परत पाण्यात. मोहबांधनं आपल्या हातानं, भक्तिभावानं, तळ्यात आपलीच वंशबुडी पाळली होती. हे त्यांना कोणी सांगायचं? रेवताला रडू फुटलं. आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिनं कंपनीच्या प्रमुखांना, डॉ. काळमेघांना, बांधावरूनच फोन केला. काळमेघ सज्जन माणूस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नर पाण्यात राहिलेच कसे एवढंच विचारलं, आणि तिनं राखणेबद्दल सांगितल्यावर तिला दोषही दिला नाही. उलट धीर दिला.

"रेवता, तळं रिकामं राहणार नाही," ते म्हणाले. "बीज आपण देऊच की. दरवर्षी."

त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ तिला लागला तेव्हा फोन बंद झाला होता. ज्या पाण्यातून मोहबांधचे ढिवर फुकट मासा काढत आले, त्या पाण्यात उद्या मासा टाकायलाही त्यांना कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागणार होतं. आणि काळमेघांना यात काही वावगं दिसत नव्हतं, याचीच तिला जास्त भीती वाटली.

उपाय एकच होता. पाण्यातली प्रत्येक राखण काढायची, आणि तीही लगेच, विणीचा हंगाम सरायच्या आत. तळ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात, जिथं पाणी उथळ म्हणून दांडगे नर जात नाहीत, तिथं तिला गावठी मरळीच्या दोन-तीन जोड्या दिसल्या होत्या. त्यांना जागा मिळाली तर एखादी लाली अजून पडली असती. मरळीची एक लाली तळं भरायला पुरते.

मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष होता सुकराम वलथरे. म्हणजे तिचा बापच. तो ओसरीत जाळं विणत बसला होता. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. रेवताला तर घरात राहून बापाशी करायचं होतं. तिनं अंडी, आकडे, मीठ-हळद सगळं सांगितलं. सुकरामनं हातातली सुई थांबवली नाही.

"बाबा, राखण काढा लागते."

"कोनाची?"

"सगळ्यांची."

"तुह्या मायची बी?"

"हो."

सुकरामनं एक गाठ मारली, ओढून पाहिली. "तूच म्हनली होतीस, वांझ आहेत, कोनाचं काही बिघडवत नाहीत."

"म्हनली होती. चुकली मी."

"मंग आता बरोबर आहेस, हे कशावरून?"

रेवतानं वाचक काढायला पिशवीत हात घातला आणि तसाच मागं घेतला. वाचकातले आकडे दाखवावेत तर चार वर्षांपूर्वी तिनं असेच आकडे दाखवले होते, आणि याच ओसरीत. सुकरामनं आवाज चढवला नाही. तो रोज सकाळी बांधावर जाऊन सगुणेच्या नावानं मूठभर भात पाण्यात टाकत असे, हे तिला आत्याकडून कळलं होतं. त्या राखणेशी तो बोलायचाही म्हणे. बायको असताना जेवढं बोलला नसेल तेवढं.

टोलीची बैठक बसली आणि व्हायचं तेच झालं. कोणी म्हणालं, पोरगी कंपनीची माणूस, कंपनीनंच पढवून पाठवलं असेल. कोणी म्हणालं, राखण मारली तर घरातलं माणूस दुसऱ्यांदा मारल्यासारखं. एका म्हाताऱ्यानं तर साफ सांगितलं की लाली न पडायला कारण टोलीतल्या शिकलेल्या पोरीच आहेत. सुकराम अध्यक्ष, पण तो मुलीच्या बाजूनंही बोलला नाही आणि विरुद्धही नाही. बैठक नुसतीच उठली. दरम्यान दोन दिवस पावसानं झोडपून काढलं, तळं काठोकाठ भरलं आणि सांडव्यावरून पाणी धानाच्या बांध्यांत, म्हणजे खालच्या भातशेतांत, उतरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुकराम भात घेऊन निघाला तेव्हा रेवता त्याच्या मागं गेली. दोघं डोंग्यातून पाणगवताशी आले. सगुणेच्या नावाचा नर तिथंच होता. शेपटीची कातर स्पष्ट दिसत होती. मागच्या उन्हाळ्यात मांडीएवढा जाड असलेला मासा आता डोकं तेवढं मोठं आणि मागं नुसती कातडी असा झाला होता. त्याच्या वरचं घरटं सडून पाण्याला वास येत होता. सुकरामनं भात टाकला. नरानं त्याकडं पाहिलंही नाही. अंड्यांचा एक पांढरा गोळा वाऱ्यानं सुटून बाजूला जाऊ लागला, तसा तो खालून गेला आणि तोंडानं ढकलून त्याला जागेवर आणून ठेवला.

सुकराम दुपारपर्यंत तिथं बसला. शिकलेल्या माणसाला गप्प बसणं जड जातं, पण रेवता बसली.

"हे त्याले कळत नाही का?" शेवटी सुकरामनं विचारलं. "मेली आहेत म्हनून?"

"नाही कळत, बाबा."

"कधी कळन?"

"मरेपर्यंत नाही."

सुकरामनं पाण्यात हात घातला. नर त्याच्या हातावर धावून आला, बोटाला कचकन चावला, आणि सुकरामनं हात तसाच राहू दिला. मग दुसऱ्या हातानं त्याला कल्ल्यापाशी धरून अलगद वर उचललं. "सगुना, झालं तुहं काम," तो म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

अध्यक्षानं आपल्या बायकोची राखण काढली म्हटल्यावर टोलीला बोलायला तोंड उरलं नाही. ज्यानं त्यानं आपापली काढली. राखण खायची नसते. तळ्याच्या बांधाखाली खड्डे करून त्यांना मूठमाती दिली, वरून हळद टाकली. बायका घरचं माणूस गेल्यासारख्या रडल्या. रेवता प्रत्येक खड्ड्यापाशी उभी राहिली, कारण तिथून निघून जाण्याचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटत होतं. बऱ्याच घरांना मात्र आपली राखण सापडली नाही. जाळं पुन्हा पुन्हा ओढलं, तरी नाही. असतील मेल्या उपाशी, असं लोक म्हणाले. रेवतालाही ते खरं मानावंसं वाटलं आणि तिनं मानलं.

पंधरवडा गेला. मग एका सकाळी फुलवंता डोंगा टाकून, भिजल्या लुगड्यानं पळत घरी आली. उगवतीच्या कोपऱ्यात लाली होती. लहानशीच, परातीएवढी, पण होती. सगळी टोली बांधावर लोटली. रेवतानं एकच पिल्लू ओंजळीत घेऊन वाचकाखाली धरलं. चाळीस. तिनं तो पडदा बापाला दाखवला. त्याला आकडा कळला की नाही कोण जाणे, पण त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्या लहानपणानंतर पहिल्यांदाच. त्या दिवशी टोलीत घरोघरी गोडधोड झालं.

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर पळसबांधचे लोक आले. पळसबांध म्हणजे मोहबांधच्या खालचं तळं. त्यांच्या संस्थेचे अध्यक्ष डोमाजी नान्हे पुढं होते, सुकरामचे लांबचे सोयरे. त्यांच्या हातात नारळ होता, मागच्या दोघांकडं चिवड्या-पेढ्यांच्या पुड्या. सुकरामला वाटलं, लालीची बातमी एवढ्या लवकर पोचली की काय. त्यानं त्यांना ओसरीत बसवलं, रेवतानं पाणी दिलं.

डोमाजी खुशीत होते. "तुमचे लय उपकार झाले," ते म्हणाले. "तुमच्या तळ्याची राखण पायी चालत आमच्या घरी आली."

रेवता हातात तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. मरळ वरची हवा घेते. पावसात ओल्या शेतातून सरपटत एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाते. ढिवराच्या पोरीला हे कोणी शिकवावं लागत नाही. त्या दोन दिवसांच्या पावसात, बैठक उठून गेल्यावर, ज्या नरांना घरटं करायला जागा उरली नव्हती ते दुसरं पाणी शोधायला निघाले होते.

डोमाजी रंगात येऊन सांगत होते. धानाच्या बांध्यांत सापडल्या म्हणे, एकेक हातभर. शेपटीची कातर पाहून ओळखल्या, मोहबांधच्या. दुसऱ्याच्या घरची राखण कोण खाणार? गावानं वाजतगाजत नेल्या, हळद लावली आणि आपल्या तळ्यात सोडल्या. अशी राखण आपल्याकडं कधी नव्हती. म्हणून यंदापासून पळसबांधनंही चाल घेतली आहे, घरागणिक सगळ्यांत मोठा नर परत पाण्यात. बीजही तुमच्याच कंपनीचं मागवलं आहे. "अन् चार-दोन खालच्या टेंभूरबांधले बी देल्या," ते म्हणाले, "सोयऱ्याले देते तशा."

"काका," रेवतानं विचारलं, "टेंभूरबांधचं पानी कोठं जाते?"

"खाली."

"खाली कोठपर्यंत?"

डोमाजी हसले. "तळ्याले तळं लागलं आहे, बाई. पार वैनगंगेपर्यंत."

सुकरामनं डोमाजींच्या हातातला नारळ घेतला, आत नेऊन ठेवला, आणि बाहेर येऊन, खालच्या तळ्यांवर न्यायला, वाळत घातलेलं जाळं काढायला लागला.